झुकोव यांच्या आठवणी: हेतू की परिणाम?

गिओर्गी झुकोव यांच्या आठवणी (1969) वाचताना एक प्रकरण मला अजूनही खटकतं. 25 नोव्हेंबर 1942 ला र्झेव भागात 'ऑपरेशन मार्स' सुरू झालं. तेव्हा आर्मी जनरल असलेले झुकोव त्याच्या समन्वयावर होते. हल्ला फसला. झुकोव अपयश लपवत नाहीत. पण जर्मन फौजा तिथेच अडकवायच्या होत्या, म्हणजे त्या स्टालिनग्राडकडे जाणार नाहीत, असं सांगतात.

अमेरिकी इतिहासकार डेव्हिड ग्लँट्झ यांनी 1999 च्या पुस्तकात हे खोडून काढलं. नुसतं अडकवून ठेवायला कुणी एवढं सैन्य आणि एवढे रणगाडे लावत नाही, हा त्यांचा एक मुख्य मुद्दा.

मला तो पटतो, पण पूर्ण नाही. सैन्याच्या आकड्यावरून हल्ला किती मोठा होता ते कळतं. हेतू कळायला हल्ल्याआधीचे आदेशच बघावे लागतात. जर्मन राखीव तुकड्या तिथे अडकल्या हे खरंच. पण तो परिणाम झाला, त्यावरून हेतू सिद्ध होत नाही. झुकोव यांची गफलत नेमकी इथे आहे.

म्हणून आठवणींवर काम करणार असाल तर 'आमचा उद्देश होता' असं दिसलं की समासात लिहा: हे लढाईआधी लिहिलंय की नंतर?