‘एवढा शिकलेला माणूस फसतोच कसा?’ : एका प्रश्नाची उलटतपासणी



व्याख्यानाच्या शीर्षकाखाली ‘डिजिटल सुरक्षा’ असं छापलंय, त्यामुळे काही मंडळी वही-पेन घेऊन आलेली दिसतात. पासवर्ड कसा ठेवावा, कुठली लिंक उघडू नये, हे मी सांगेन अशी अपेक्षा असेल. ते मी सांगणार नाही. ते सांगणारे पुष्कळ आहेत आणि माझ्यापेक्षा चांगलं सांगतात. मला बोलायचंय ते आपल्या बोलण्याविषयी. कट्ट्यावर, लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर या विषयावर आपण जी मतं सहज टाकून देतो, त्यांच्याविषयी. आपण पुस्तकाचं परीक्षण करतो, नाटकाचं करतो. मतांचं कोणी करत नाही, कारण त्यांना लेखक नसतो. आज एका मताचं करून बघू.

ते मत प्रश्नाच्या रूपात येतं. ‘एवढा शिकलेला माणूस फसतोच कसा?’

हा प्रश्न मीही विचारलाय. कुठे, ते आधी सांगतो.

माझ्या ओळखीचे एक काका आहेत. हायस्कूलमध्ये पस्तीस वर्षं गणित शिकवलं. पोरांच्या थापा पकडण्यात हातखंडा. त्यांना एके दिवशी फोन आला की तुमच्या आधारवर एक सिमकार्ड काढलं गेलंय आणि त्यावरून मनी लाँडरिंग झालंय. मग व्हिडिओ कॉल. समोर गणवेशातला माणूस, मागे अशोकस्तंभ, टेबलावर फायली. दोन दिवस काका खोलीचं दार लावून त्या कॉलवर बसून होते. काकूंना सांगितलं, ‘पेन्शनचं काम चाललंय, आत येऊ नकोस.’ तिसऱ्या दिवशी स्वतः बँकेत गेले, एफडी मोडली आणि ‘तपासणीसाठी’ म्हणून दिलेल्या खात्यात नऊ लाख भरले.

आता पुढचं ऐका. संध्याकाळी फोन बंद लागला तेव्हाच काकांना कळलं होतं. पण त्यांनी मुलाला सांगितलं अकराव्या दिवशी. मी भेटायला गेलो तेव्हा विचारलं, ‘काका, लगेच का नाही सांगितलंत?’ ते म्हणाले, ‘तू काय म्हणाला असतास, ते मला माहीत होतं.’

आणि खरंच, काही महिन्यांपूर्वी त्यांच्याच घरी बसून, पेपरातली अशीच एक बातमी वाचून मी तो प्रश्न विचारला होता. मोठ्याने. चहा पिता पिता.

म्हणून हे परीक्षण.

त्या प्रश्नात पहिलं गृहीत असं आहे की फसणं हा अकलेचा विषय आहे. तसं असतं तर एस. पी. ओसवाल फसले नसते. वर्धमान समूहाचे अध्यक्ष, लुधियानाचे मोठे उद्योगपती, पद्मभूषण. २०२४ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, त्यांना असंच ‘डिजिटल अरेस्ट’ केलं गेलं. त्यांच्यासाठी तर सर्वोच्च न्यायालयाची खोटी ऑनलाइन सुनावणी भरवली, त्यात सरन्यायाधीशांचं सोंग घेतलेला माणूस होता, खोटे आदेश होते. सात कोटी रुपये गेले.

हे काही तंत्रज्ञानाचं कौशल्य नव्हे. नीट बघा, यात हॅकिंग कुठेय? एक फोन, एक व्हिडिओ कॉल, एक गणवेश. हे नाटक आहे, आणि ते चालतं ते प्रेक्षकाच्या मनात आधीपासून असलेल्या भीतीवर. पोलीस बोलावतील, घरी येतील, शेजारी बघतील, नाव पेपरात येईल. ही भीती त्या ठगाने निर्माण केलेली नाही, ती त्याला आयती मिळाली. कोर्टाची पायरी चढू नये, हे आपल्याकडे शहाणपण म्हणून शिकवलं जातं. मग कोणी म्हणालं की कोर्टच तुमच्या मोबाइलवर आलंय, तर सभ्य माणसाचे पाय लटपटणारच. जो आयुष्यभर नियमाने वागला, तो जास्त लटपटतो. ज्याचं पोलीस ठाण्यात येणं-जाणं आहे, तो म्हणेल, ‘या साहेब, वॉरंट दाखवा.’ (हशा)

हसू नका, मुद्दा तोच आहे. भारतीय कायद्यात ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची गोष्टच नाही. राज्यघटनेचं कलम २२ सांगतं की अटक केलेल्या माणसाला, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करावं लागतं, आणि आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घ्यायचा त्याला हक्क आहे. ‘कोणाला सांगू नका’ अशी अट घालून खोलीत बसवणं ही अटकच नव्हे. हे आपण शाळेत नागरिकशास्त्रात वाचलं, वीस मार्कांसाठी, आणि विसरलो. काकांना मोबाइल कमी कळत होता म्हणून ते फसले नाहीत. पोलिसासमोर नागरिक म्हणून आपले काही हक्क आहेत, हे त्या क्षणी त्यांना आठवलं नाही. आपल्यापैकी किती जणांना आठवेल?

याच ओघात दुसरं एक मत. ‘मी तर बाबा यूपीआय वापरतच नाही. आपण सेफ.’ काकाही यूपीआय वापरत नव्हते. ते चालत बँकेत गेले आणि फॉर्म भरून पैसे पाठवले. म्हणजे साधा फोन आणि बँकेचं पासबुक असलेला माणूसही यात सापडतो. उलट बँकेचं काउंटर ही तर शेवटची जागा, जिथे एखादा जिवंत माणूस विचारू शकला असता, ‘सर, एवढी घाई का? कोणाला पाठवताय?’ असं विचारून बँक कर्मचाऱ्यांनी ज्येष्ठांचे पैसे वाचवल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. काकांना कोणी विचारलं नाही. लाइन मोठी होती, टोकन पुढे सरकलं.

त्या प्रश्नातलं दुसरं गृहीत: पैसे गेले म्हणजे ग्राहकाचंच काहीतरी चुकलं.

पुण्यातल्या मंडळींना २०१८ चा ऑगस्ट आठवत असेल. कॉसमॉस बँक. ११ आणि १३ ऑगस्टला मिळून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. बँकेच्या एटीएम यंत्रणेत मालवेअर घुसवलं गेलं, खोट्या कार्डांवर जगातल्या २८ देशांत पैसे काढले गेले, आणि काही कोटी आंतरराष्ट्रीय व्यवहाराच्या यंत्रणेतून हाँगकाँगला वळवले. यात कुठल्या खातेदाराने ओटीपी सांगितला होता? कोणीच नाही. खातेदार आपापल्या घरी होते. तेव्हा ‘एवढी मोठी बँक फसतेच कशी?’ असं पंगतीत कोणी विचारल्याचं मला तरी आठवत नाही. संस्था फसली की तो ‘सायबर हल्ला’ असतो. माणूस फसला की तो ‘निष्काळजीपणा’ असतो. एकाच प्रकारच्या गुन्ह्याला आपण दोन शब्द ठेवलेत.

आणि या शब्दांना पैशाचं वजन आहे, बरं का. रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक बघा. अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारात चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, यंत्रणेत दुसरीकडेच कुठेतरी आहे, आणि सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने कळवलं, तर ग्राहकावर शून्य बोजा. पण ग्राहकाने स्वतः गुप्त माहिती दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचं. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करणं हे बँकेचं काम, असंही त्यात म्हटलंय. चांगली तरतूद आहे. पण ज्याला गल्लीने, घराने, पंगतीने आधीच दोषी ठरवलंय, तो बँकेत जाऊन ‘सिद्ध करा’ म्हणायला उभा राहील का? तो मान खाली घालून परत येतो.

तिसरं मत तुमच्या फार आवडीचं आहे. ‘माझ्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?’

काकांना फोन आला तेव्हा त्या माणसाला त्यांचं पूर्ण नाव, पत्ता आणि आधारचा क्रमांक माहीत होता. काका म्हणाले, ‘तिथेच मला पटलं की हा खरा आहे.’ हा क्रमांक गेला कुठून? काकांनी आजवर आधारची झेरॉक्स कुठे कुठे दिली, ते आम्ही आठवायला बसलो. सिमकार्डाचं दुकान, गॅस एजन्सी, लॉज, मंगल कार्यालय, सोसायटीचं ऑफिस. पुढे आम्ही मोजणं सोडलं. ज्याला आपण ‘लपवण्यासारखं काही नाही’ म्हणतो, त्याचाच वापर आपल्याला घाबरवायला होतो. त्या माहितीत पाप नसतं, ओळख असते, आणि ओळख दाखवली की विश्वास बसतो.

मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने एक सूचना काढली होती की आधारची झेरॉक्स कोणालाही देऊ नका, गैरवापर होऊ शकतो. शेवटचे चारच आकडे दिसणारं ‘मास्क्ड’ आधार द्या. सूचना रास्त होती. दोन दिवसांत ती मागे घेतली गेली, चुकीचा अर्थ निघेल म्हणून. नागरिकांना सांगण्यात आलं की नेहमीची सावधगिरी बाळगा. आता लॉजच्या काउंटरवर रात्री अकरा वाजता, पोरंबाळं झोपेला आलेली असताना, ‘मी झेरॉक्स देणार नाही’ ही सावधगिरी तुम्ही कशी बाळगणार? खोलीच मिळणार नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. २०२३ मध्ये वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदाही आला. पण तो अधिकार लॉजच्या काउंटरपर्यंत यायचा बाकी आहे, आणि ‘लपवण्यासारखं काय आहे’ म्हणत आपणच त्याची वाट अडवून बसलोय.

आता तुम्ही म्हणाल, सगळं यंत्रणेवर ढकलून मोकळे झालात. माणसाने सावध राहू नये का? राहावंच. २०२५ मध्ये कितीतरी दिवस प्रत्येक फोनआधी अमिताभ बच्चन यांच्या आवाजातली सूचना ऐकू यायची; लोक वैतागले, विनोद झाले, शेवटी ती थांबली. मी त्या सूचनेची टिंगल करणार नाही, तिने काही जण नक्की वाचले असतील. माझी तक्रार वेगळी आहे. सावध राहा, सावध राहा, असं रोज ऐकल्यावर फसलेल्या माणसाच्या मनात एकच उरतं: सांगितलं होतं तरी मी ऐकलं नाही. सूचनेचा सूर असा हवा की त्यात ‘फसलात तरी लगेच सांगा, आम्ही हसणार नाही’ हेही ऐकू यावं.

कारण या गुन्ह्यात घड्याळाला फार किंमत आहे. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या खात्यात जातात. यातली बरीच खाती भाड्याची असतात. आपल्याच आसपासची पोरं थोड्या पैशांसाठी आपलं खातं आणि एटीएम कार्ड दुसऱ्याच्या हातात देतात आणि समजतात की आपण काही गुन्हा केला नाही. १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार गेली, तर त्या साखळीत जिथे पैसे असतील तिथे ते गोठवता येतात. रोख काढले गेले की संपलं. ओसवालांनी वयाचा, नावाचा, पद्मभूषणचा विचार न करता तक्रार केली. पोलिसांना सुमारे सव्वापाच कोटी परत मिळवता आले. आमच्या काकांचे अकरा दिवसांनंतर खात्यात काही हजार सापडले.

संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ या एका वर्षात सायबर फसवणुकीत देशात २२ हजार ८४५ कोटी रुपये गेले. आदल्या वर्षी हाच आकडा ७ हजार ४६५ कोटी होता. एका वर्षात लोक तिप्पट मूर्ख झाले, असं कोणी म्हणणार असेल तर त्याने हात वर करावा. (हशा) फसवणूक हा धंदा झालाय. त्याला कॉल सेंटर आहेत, पगार आहेत, टार्गेट आहेत. म्यानमार, कंबोडियातल्या अशा अड्ड्यांवर नोकरीच्या आमिषाने नेऊन डांबलेली आपली भारतीय पोरंही होती, सरकारने त्यातल्या अनेकांना सोडवून आणलं. म्हणजे फोनच्या दोन्ही टोकांना फसलेला माणूस असू शकतो.

मग परीक्षणाचा निष्कर्ष काय? ‘एवढा शिकलेला माणूस फसतोच कसा’ हा प्रश्न मला आता नुसता चुकीचा वाटत नाही. मला तो ठगाच्या कामी येणारा वाटतो. पैसे हातात पडल्यावर त्याला एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे वेळ. आणि तो वेळ आपण त्याला देतो, चहा पिता पिता.

पुढच्या वेळी घरात, शेजारी कोणी घाबऱ्या आवाजात सांगायला लागलं, तर दोनच गोष्टी विचारा. ‘कधी झालं?’ आणि ‘१९३० ला फोन केला का?’ नसेल केला, तर तुम्ही लावा. बाकीचं नंतर.

काकांकडे मी परवा गेलो होतो. ते आता सोसायटीतल्या ज्येष्ठांच्या बैठकीत स्वतःची गोष्ट सांगतात, नावगाव न लपवता, रकमेसकट. मी विचारलं, ‘अवघड नाही जात?’ म्हणाले, ‘पहिल्यांदा गेलं. पण बैठक संपल्यावर दोघं जण बाजूला येऊन म्हणाले, सर, आमचंही झालंय. घरी अजून माहीत नाही.’

त्या दोघांच्या घरी काय बोललं जातं, याचा आपण सगळ्यांनी विचार करावा, एवढंच सांगून थांबतो.