वेदनाशामकांचे दोन रकाने

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. बारावीच्या वर्गात वेदनाशामक औषधे शिकवून झाली होती. तास संपल्यावर एक विद्यार्थी मागे थांबला. ‘‘सर, आजीला कॅन्सर आहे. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्यात. बाबा म्हणतात द्यायच्या नाहीत, व्यसन लागेल. पुस्तकात पण तसंच आहे ना?’’

पुस्तकात साधारण तसेच होते आणि मी ते नुकतेच फळ्यावर लिहिले होते. डावीकडच्या रकान्यात ‘नार्कोटिक नसलेली, व्यसन न लावणारी’ औषधे : ॲस्पिरिन, पॅरासिटॅमॉल. उजवीकडे ‘नार्कोटिक’ : मॉर्फिन, कोडीन, हेरॉइन. गोळ्या घरातल्या कपाटात पडून होत्या, आजी रात्रभर कण्हत होती, आणि वडिलांच्या म्हणण्याला माझ्या फळ्याचा आधार मिळत होता.

धडा एन.सी.ई.आर.टी.च्या रसायनशास्त्राच्या पुस्तकातला, दैनंदिन जीवनातील रसायनशास्त्रावरचा. २०२२ मध्ये अभ्यासक्रमाची काटछाट झाली तेव्हा तो वगळला गेला. मग आता त्याची उलटतपासणी कशाला? कारण धडा गेला तरी रकाने राहिले आहेत. ते जुन्या पुस्तकांत, शिक्षकांच्या टिपणांत आणि तो धडा शिकून मोठ्या झालेल्यांच्या डोक्यात आहेत.

आधी पुस्तकाच्या बाजूने बोलू. शस्त्रक्रियेनंतरच्या आणि कॅन्सरच्या अखेरच्या टप्प्यातल्या वेदनांवर मॉर्फिन वापरतात, हे त्याने स्पष्ट सांगितले होते. ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखते, हेही दिले होते. जॉन व्हेन यांनी हे १९७१ मध्ये दाखवून दिले, आणि १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. चार-पाच परिच्छेदांत याहून जास्त काय मागायचे?

पण त्याच परिच्छेदांत एक विसंगती आहे, जी वर्षानुवर्षे शिकवूनही माझ्या लक्षात आली नव्हती. शुद्धीवर व मज्जासंस्थेवर इतर परिणाम न होता वेदना घालवते ते वेदनाशामक, अशी व्याख्या सुरुवातीला येते. पुढे दुसऱ्या वर्गातली औषधे झोप आणतात आणि विषारी मात्रेत बेशुद्धी व मृत्यू घडवतात, असे सांगितले जाते. म्हणजे व्याख्या पहिल्याच रकान्याला लागू पडते! शिवाय विषारी मात्रेचा उल्लेख मॉर्फिनपुरताच. पॅरासिटॅमॉल फार घेतले तर यकृत निकामी होऊन माणूस दगावू शकतो, ॲस्पिरिन जठरात रक्तस्राव घडवते, हे शेजारच्या रकान्यात का नाही? ‘व्यसन न लावणारे’ याचा अर्थ मुले ‘निर्धोक’ असा घेतात. आपणही घेतोच की. डोके दुखले की मुठीत दोन गोळ्या.

मोठा दोष नावातच आहे. ‘नार्कोटिक’ हा शब्द बधिरता या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आला, पण आज त्याचा मुख्य मुक्काम कायद्याच्या पुस्तकात आहे. आपल्या १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात ‘नार्कोटिक’ या सदरात अफू व मॉर्फिन आहेत, तसाच कोकेनही आहे. कोकेन झोप आणत नाही, उडवतो! उलट ब्युप्रेनॉर्फिन मॉर्फिनच्याच जातीचे काम करते, पण कायद्याने ते ‘सायकोट्रॉपिक’ या दुसऱ्या यादीत. ट्रामाडॉल तर २०१८ पर्यंत या कायद्याच्या कुठल्याच यादीत नव्हते. त्या वर्षी तेही ‘सायकोट्रॉपिक’ झाले. त्या दिवशी ट्रामाडॉलच्या रेणूत काय बदलले? काहीच नाही. कायद्याला त्याची वर्गवारी हवीच, पण ती रसायनशास्त्राच्या तासाला रेणूचा गुणधर्म म्हणून शिकवायची नसते.

खरी हळहळ अशी, की योग्य पाया त्याच धड्यात, थोडी पाने अलीकडे, तयार होता. औषधांचे वर्गीकरण शरीरातल्या लक्ष्य-रेणूंनुसार करता येते, ही लक्ष्ये कधी विकरे असतात तर कधी ग्राही, हे तिथे छान समजावले होते. तेच इथे का लावले नाही? ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही सायक्लोऑक्सिजनेज या विकराला अडवतात. दुखापतीच्या जागी प्रोस्टाग्लँडिन कमी होते आणि चेता कमी हुळहुळ्या होतात. मॉर्फिन, कोडीन, ट्रामाडॉल, फेन्टॅनिल यांचा परिणाम मेंदूतल्या व मज्जारज्जूतल्या ओपिऑइड ग्राहींमार्फत होतो. दुखापत तशीच राहते, वेदनेचा निरोप वाटेत क्षीण होतो. या मांडणीत दुष्परिणामही आपोआप उलगडतात. जठराच्या अस्तराचे रक्षण प्रोस्टाग्लँडिन करते, म्हणून पहिल्या गटाने जठर बिघडते. आतड्यातही ओपिऑइड ग्राही आहेत, म्हणून दुसऱ्या गटाने बद्धकोष्ठ होतो. श्वसनाच्या केंद्रातही ते आहेत, म्हणून अतिमात्रेत श्वास मंदावतो.

पॅरासिटॅमॉल मात्र या मांडणीतही नीट बसत नाही. ते मेंदूत नेमके कसे काम करते याबद्दल अजून एकमत नाही. तसे वर्गात सांगायला काय हरकत आहे?

रकान्यांमुळे आणखी एक गैरसमज पक्का होतो : उजवीकडची सगळी औषधे ‘जालीम’, डावीकडची ‘सौम्य’. शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनांवरील चाचण्यांचे एकत्रित निष्कर्ष वेगळेच सांगतात. नुसत्या दिखाऊ गोळीने जेवढ्यांना बरे वाटते त्यांच्या वर, ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेनच्या एका मात्रेने दर पाचांपैकी सुमारे दोघांच्या वेदना निम्म्याने किंवा अधिक कमी होतात. ६० मिलिग्रॅम कोडीनने हा फायदा बारांपैकी एकालाच! कोडीनचा थोडा भाग यकृतात मॉर्फिन बनतो आणि मुख्यतः तोच काम करतो. काहींच्या शरीरात हे रूपांतर जवळजवळ होतच नाही. फेन्टॅनिल मॉर्फिनच्या शंभरपट ‘तीव्र’ म्हणतात, त्याचा अर्थ १० मिलिग्रॅम मॉर्फिनच्या इंजेक्शनाचे काम सुमारे ०.१ मिलिग्रॅम फेन्टॅनिल करते, एवढाच. शंभरपट वेदना जाते असा नव्हे. मात्रा आणि परिणाम यांतला हा फरक मुलांना आलेखावर दाखवला तर गणिताचाही तास होतो.

व्यसनाची भीती खोटी नाही. अमेरिकेत ऑक्सिकोडोनची दीर्घकाळ टिकणारी गोळी १९९६ मध्ये बाजारात आली, तिच्या व्यसनाचा धोका कमी असल्याचा प्रचार झाला, आणि २००७ मध्ये उत्पादक कंपनीने दिशाभूल केल्याचा गुन्हा न्यायालयात कबूल केला. मधल्या काळात आणि नंतर किती माणसे गेली हे जगाला ठाऊक आहे. पण दुसरे टोकही पाहा. भारत कायदेशीर अफू पिकवणाऱ्या मोजक्या देशांपैकी एक. नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने. तरी १९८५ नंतर परवान्यांच्या कटकटीने आणि शिक्षेच्या धाकाने रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच कमी केले. १९९३ मध्ये कालिकतला सुरू झालेल्या वेदनाशमन केंद्राने मॉर्फिन घरच्या घरी सुरक्षितपणे देता येते हे दाखवून दिले. २०१४ मध्ये कायदा दुरुस्त झाला, ‘अत्यावश्यक नार्कोटिक औषधे’ असा नवा गट आला, त्यात मॉर्फिन आहे. औषधाच्या दुकानातली आणि घरातली भीती मात्र त्या दुरुस्तीने गेली नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या विद्यार्थ्याला वडिलांना घेऊन यायला सांगितले. शरीराला सवय होणे आणि व्यसन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजावले : सवय झालेल्या रुग्णाचे औषध एकदम थांबवायचे नसते, डॉक्टर ते हळूहळू उतरवतात, व्यसनात माणूस नुकसान होत असूनही औषधाच्या मागे धावतो. बाकीचे डॉक्टरांना विचारा, म्हटले. ते बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी विचारले, ‘‘गोळीबरोबर पोट साफ व्हायचं औषधही दिलंय, ते कशाला?’’ त्याचे उत्तर मला देता आले.