संपादकांस पत्र

वर्तमानपत्रातील ‘वाचकांची पत्रे’ वाङ्मयात मोडतात काय, असे कोणी विचारल्यास आमचे उत्तर होकारार्थी आहे. आणि वाङ्मय म्हटले की त्याची परीक्षाही आलीच. 23 सप्टेंबर 2023 रोजी येथील अंबाझरी तलाव ओसंडला व नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. अशा प्रसंगी आपण नागपूरकर जी पत्रे लिहितो, त्यांतील बहुतेकांचा शेवट ‘संबंधितांनी लक्ष घालावे’ या वाक्याने होतो. हे संबंधित कोण, हे लिहिणारास ठाऊक नसते. ज्यांस ठाऊक असते ते, आपण नव्हेच असे समजून, पान उलटतात.

या रोगाची परंपरा थोर आहे असे म्हटल्यास कित्येकांस राग येईल. गोपाळ हरी देशमुख यांनी 1848 ते 1850 या काळात ‘लोकहितवादी’ या नावाने भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात जी 108 पत्रे लिहिली, ती ‘शतपत्रे’ म्हणून आपण भक्तीने वाचतो. लेखक पंचविशीतला, भाषा रोखठोक, विचार काळाच्या पुष्कळ पुढे. तथापि निव्वळ पत्रे म्हणून ती तपासू लागलो म्हणजे एक उणीव जाणवते. ती सर्वांवरच रागावतात. आपल्या लोकांच्या आळसावर व अज्ञानावर कोरडे ओढलेले वाचून जो तो शेजाऱ्याकडे पाहतो.

याच्या उलट मासला 1885 सालचा आहे. त्या जूनमध्ये मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ अशा सहीने बालविवाहावर एक पत्र प्रसिद्ध झाले. सप्टेंबरात सक्तीच्या वैधव्यावर दुसरे आले. लिहिणाऱ्या रखमाबाई. त्यांचे लग्न अकराव्या वर्षी झाले होते, आणि त्यांनी नांदावयास यावे म्हणून नवऱ्याने केलेली फिर्याद त्या वेळी कोर्टात होती. आपणही या चालीची बळी आहोत आणि विद्येची वाट तिने तोडली, हे त्या सांगतात. परंतु दुःख सांगून थांबत नाहीत. पुरुष वीस वर्षांचा व स्त्री पंधरा वर्षांची होण्यापूर्वी लागलेले लग्न कायद्याने ग्राह्य धरू नये, असे त्यांचे मागणे आहे. मागणे कोणाकडे, तर सरकारकडे. येथे ‘संबंधित’ हा शब्द लपावयास जागाच उरत नाही! ‘केसरी’सारख्या पत्राने पुढे या प्रकरणी विरुद्ध बाजू हिरिरीने मांडली, यावरूनही घाव कोठे बसला हे कळते.

एक गोष्ट मात्र आम्हांस खटकते. पत्रे इंग्रजीत होती. ज्या बायकांची कैफियत त्यांत होती त्यांस ती वाचता येणे अशक्यच. लोकहितवादी निदान घरच्या भाषेत रागावले. परंतु कायदा करणारे मराठी वाचीत नव्हते, आणि रखमाबाईंस उत्तर त्यांच्याकडून हवे होते.

ते उत्तर फार सावकाश आले. 1891 च्या कायद्याने लग्नाचे वय ठरविलेच नाही, संमतिवय तेवढे दहावरून बारावर नेले. 1929 च्या शारदा कायद्याने मुलीस चौदा व मुलास अठरा ही मर्यादा घातली. मुलीसाठी पंधरा वर्षे कायद्यात आली ती 1949 साली.