शब्दगती आणि आकलन : प्रकट वाचनाच्या एका निकषाची चिकित्सा

प्रस्तावना :

प्राथमिक शाळेतील विद्यार्थ्याला वाचता येते की नाही हे ठरविण्याचा सर्वांत जुना मार्ग म्हणजे त्याच्याकडून प्रकट वाचन करवून घेणे. अलीकडे या मार्गाला मोजमापाची जोड मिळाली आहे. केंद्र शासनाने ५ जुलै २०२१ रोजी सुरू केलेल्या ‘निपुण भारत’ अभियानात दुसरीच्या विद्यार्थ्याने मिनिटाला ४५ ते ६० शब्द व तिसरीच्या विद्यार्थ्याने किमान ६० शब्द अचूक आणि अर्थासह वाचावेत, असे लक्ष्य ठेवण्यात आले. या विधानात गती आणि अर्थ अशा दोन अटी आहेत. पहिली घड्याळावर मोजता येते. दुसरी तपासण्यासाठी मुलाशी बोलावे लागते. जेथे एकाच शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असतात, तेथे यांपैकी कोणती अट मागे पडण्याचा संभव अधिक, हे उघड आहे. प्रस्तुत लेखात शब्दगतीचा हा निकष मराठीच्या संदर्भात कितपत ग्राह्य ठरतो, याचा विचार केला आहे.

ओघाचे महत्त्व :

वाचनातील ओघ ही गौण बाब नव्हे, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. लाबर्ज व सॅम्युअल्स यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार माणसाचे अवधान मर्यादित असते. अक्षरे ओळखण्यातच ते खर्ची पडले, तर अर्थासाठी काही शिल्लक राहत नाही. प्रत्येक जोडाक्षरापाशी अडखळणारे मूल वाक्याच्या अखेरीस पोहोचेपर्यंत त्याचा आरंभ विसरलेले असते. अमेरिकेतील राष्ट्रीय वाचन मंडळाच्या २००० सालच्या अहवालातही वाचनाच्या पाच घटकांत ओघाचा समावेश आहे.

तथापि ओघ ही आकलनाची आवश्यक अट असली, तरी ती पुरेशी अट नव्हे. गॉफ व टन्मर यांनी १९८६ मध्ये हा संबंध सूत्ररूपाने मांडला. त्यांच्या मते वाचन-आकलन हा लिपीचा उलगडा आणि भाषेचे आकलन या दोहोंचा गुणाकार होय. यांपैकी एक घटक शून्यवत असेल, तर दुसरा कितीही समृद्ध असला तरी फलित शून्यवतच राहते.

मराठीची घडण आणि शब्दगती :

इंग्रजी भाषक मुलांच्या अनेक अभ्यासांत मिनिटाला अचूक वाचलेल्या शब्दांची संख्या आणि आकलन यांत दृढ सहसंबंध आढळला. शब्दगतीच्या निकषाचा मुख्य आधार हाच आहे. परंतु इंग्रजीतील वर्णलेखन अनियमित असल्याने शब्दाचा बरोबर उच्चार करण्यासाठी तो पुष्कळदा आधी परिचित असावा लागतो. तेथील अचूक उच्चार शब्दज्ञानाचीही काही अंशी साक्ष देतो. देवनागरीची स्थिती निराळी आहे. संस्कृत न शिकलेला मराठी वाचक संस्कृत श्लोक बऱ्यापैकी अचूक वाचून दाखवतो. अर्थ विचारल्यास मात्र तो निरुत्तर होतो. लिपी जितकी उच्चारानुसारी, तितका उच्चार आणि अर्थ यांत दुरावा पडण्याचा संभव अधिक.

दुसरी अडचण ‘शब्द’ या एककाचीच आहे. ‘शाळेमागच्या झाडावरून’ हे मराठीत दोन शब्द होतात. हाच आशय इंग्रजीत मांडावयाचा तर ‘फ्रॉम द ट्री बिहाइंड द स्कूल’ असे सहा शब्द लागतात. विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये जोडून लिहिणाऱ्या भाषेत मिनिटाचे साठ शब्द आणि इंग्रजीतील साठ शब्द हे समान ओझे नव्हे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने २०२२ मध्ये केलेल्या पायाभूत अध्ययन अभ्यासात २० भाषांसाठी स्वतंत्र मानके निश्चित केली, ही या दृष्टीने स्वागतार्ह बाब होय.

घरची भाषा आणि पुस्तकाची भाषा :

या प्रश्नाची खरी तीव्रता आदिवासी भागात जाणवते. मेळघाटातील कोरकू ही मुंडा गटातील, तर गडचिरोलीतील गोंडी ही द्राविडी कुलातील भाषा. मराठीशी त्यांचे कुलसंबंध नाहीत. ज्या मुलाच्या घरी यांपैकी एखादीच भाषा बोलली जाते, ते देवनागरी शिकून मराठी धडा वेगाने वाचू लागले, तरी मराठी पुरेशी अवगत होईपर्यंत त्याची अवस्था उपरोक्त संस्कृत श्लोकाच्या वाचकासारखीच असते. गतीच्या तक्त्यात ते उत्तीर्ण ठरते आणि त्यामुळेच त्याची खरी गरज शिक्षकाच्या दृष्टीआड होते. पुढे परिसर अभ्यास व गणितातील शाब्दिक उदाहरणे यांत ते मागे पडले, की दोष त्याच्या बुद्धीला दिला जातो. मंद वाचणारे मूल निदान लक्षात तरी येते. न समजता वेगाने वाचणारे मूल मात्र नोंदीतूनच निसटते.

मूल्यमापनाची पर्यायी दिशा :

२००५ पासून ग्रामीण भागात होत आलेल्या ‘असर’ सर्वेक्षणाची वाचन-चाचणी येथे तुलनेस घेण्यासारखी आहे. तीत गोष्ट वाचणाऱ्या मुलाला घड्याळ लावले जात नाही. सुटे शब्द न उच्चारता ते वाक्य म्हणून वाचते काय, हे पाहिले जाते. सावकाश वाचण्यास मुभा असते. २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील पाचवीच्या ४८.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. हा निकष गतीपेक्षा निश्चितच अर्थाच्या अधिक जवळ आहे. परंतु मुलाचा वाचनस्तर ठरविताना समजले काय, हा प्रश्न येथेही निर्णायक नसतो.

वस्तुतः अर्थाची चाहूल वाचनातच लागू शकते. ‘आई म्हणाली मुलगी आजारी आहे’ या विरामचिन्हरहित वाक्यात मूल कोठे थांबते, यावरून आजारी कोण हे त्याने काय जाणले ते कळते. ‘जगभर पाणी’ या शब्दांत ‘ज’चा तालव्य उच्चार केल्यास भांडे सूचित होते, दंततालव्य केल्यास पृथ्वी. मागचापुढचा संदर्भ समजलेले मूलच योग्य उच्चार निवडते. अशा जागा हेरून ठेवणे, वाचनानंतर दोन प्रश्न विचारणे आणि उत्तर घरच्या भाषेत देण्याची मुभा ठेवणे, एवढे केले तरी चाचणीचे स्वरूप पालटेल. यासाठी शिक्षकाला मुलाची भाषा किमान ऐकून समजली पाहिजे. ही तयारी अध्यापक महाविद्यालयांच्या सराव पाठांत व्हावयास हवी.

समारोप :

अर्थ न जाणता वेद पाठ करणाऱ्यास यास्काने ‘निरुक्ता’त भार वाहणाऱ्या खुंटाची उपमा दिली आहे. पाठांतराचा एवढा आदर असलेल्या परंपरेतही ही जाण होती. शब्दगती हे वाचनातील अडथळ्यांचे निदान करण्याचे उपयुक्त साधन आहे. तिला अध्यापनाचे साध्य मानले, तर शाळा वेगाचाच सराव घेत राहतील. म्हणून विद्यार्थ्याच्या प्रगतिपत्रकात गती आणि आकलन यांची नोंद स्वतंत्र रकान्यांत व्हावी आणि दुसरा रकाना रिकामा असताना पहिल्याच्या बळावर कोणत्याही मुलाला वाचक ठरवू नये.