दुर्लक्ष कोणाचे?

डोरोथी रॉबर्ट्स या अमेरिकी कायदेपंडित. त्यांची ‘शॅटर्ड बॉण्ड्स’ (२००१) आणि ‘टॉर्न अपार्ट’ (२०२२) ही पुस्तके लागोपाठ वाचली, की मधल्या वीस वर्षांत व्यवस्थेवरचा त्यांचा उरलासुरला विश्वास कसा उडाला ते दिसते. विषय दोन्हींत एकच : सरकार आईबापांकडून मुले काढून परक्या घरी सांभाळायला देते, त्या ‘फॉस्टर केअर’मध्ये कृष्णवर्णीय मुले इतकी जास्त का?

पहिल्या पुस्तकातले आकडे असे : देशातल्या मुलांत कृष्णवर्णीय १७ टक्के, फॉस्टर केअरमध्ये ४२. पण पुस्तकाचे बळ आकड्यांत नाही. ‘नेग्लेक्ट’, म्हणजे हेळसांड, या शब्दाची जी उलटतपासणी रॉबर्ट्स करतात, तिच्यात आहे. मुले काढून घेताना मारहाणीपेक्षा हेळसांडीचेच कारण अधिक वेळा नोंदले जाते. आणि हेळसांड म्हणजे पुष्कळदा काय, तर घरात खायला पुरेसे नाही, थंडीत घर गरम करायची सोय नाही, आई कामावर गेली तेव्हा मूल एकटे होते. यातले बरेचसे पैशाने मिटते. पैसा निघतोही, मात्र तो मूल सांभाळणाऱ्या परक्या कुटुंबाला मिळतो, आईला नाही! त्यात १९९७ चा कायदा : मूल २२ पैकी १५ महिने बाहेर राहिले, की काही अपवाद वगळता राज्याने पालकत्व कायमचे रद्द करण्यासाठी न्यायालयात जायचे. घर मिळवायला, व्यसन सोडायला १५ महिने म्हणजे काय होतात?

एलिझाबेथ बार्थोलेट यांचा प्रतिवाद कडवा आहे. गरिबीने पिचलेल्या घरांत मुलांना धोका खरोखरच अधिक असतो. वंशांचे प्रमाण जुळवण्याच्या नादात त्यांना तिथेच ठेवणे हा त्या मुलांवरच अन्याय, असे त्या म्हणतात. हा मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही. ‘टॉर्न अपार्ट’ इथेच मला लंगडे वाटते. रॉबर्ट्स आता या व्यवस्थेला ‘कुटुंबांवरची पोलिसगिरी’ म्हणतात आणि ती मोडीतच काढा, असे सांगतात. मग आज रात्री मार खाणाऱ्या मुलाचे काय? वस्तीने वस्तीला सावरावे, हे उत्तर सुंदर आहे. त्या रात्रीपुरते अपुरे आहे. शिवाय फॉस्टर केअरमधला कृष्णवर्णीयांचा वाटा २०२१ पर्यंत २२ टक्क्यांच्या आसपास उतरला होता. मुलांमधल्या त्यांच्या वाट्याहून तो अजूनही बराच जास्त, पण उतार खरा आहे. सगळे मोडायला निघालेल्याने या उताराला आधी भिडायला हवे.

तरीही बार्थोलेट यांच्याकडे एका गोष्टीचे उत्तर नाही. २०१७ च्या एका अभ्यासाच्या अंदाजानुसार, अठराव्या वर्षापर्यंत ५३ टक्के कृष्णवर्णीय मुलांच्या घरी कधी ना कधी चौकशी होते. सर्व मुलांत हे प्रमाण ३७ टक्के. यांतली बहुतेक मुले काढून घेतली जात नाहीत. पण अनोळखी बाई येऊन फ्रिज उघडून पाहते, मुलाचा सदरा वर करून वळ शोधते, आणि आई दारात उभी राहून ते पाहत असते.