खुर्ची बदलली, सही तीच

संगणक सुरक्षेत भूमिकेनुसार परवानग्या देण्याच्या पद्धतीला ‘आरबॅक’ म्हणतात. या विषयात रवी संधू आणि सहकाऱ्यांचा १९९६ चा लेख टाळताच येत नाही. कल्पना सोपी आहे: अधिकार माणसाला न देता भूमिकेला द्यायचे. यात वारसाही असतो, पण सातबाऱ्यावरच्या वारशापेक्षा उलटा. जमीन बापाकडून पोरांकडे येते. इथे कनिष्ठ भूमिकेचे अधिकार वरिष्ठ भूमिकेला आपोआप मिळतात.

आता आमच्या खान्देशातली, अमळनेर किंवा शिरपूर तालुक्यातली फेरफार नोंद घ्या. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० नुसार नोंद तलाठी लिहितो आणि वाद नसेल तर मंडळ अधिकारी ती प्रमाणित करू शकतो. मंडळ अधिकारी वरिष्ठ. म्हणजे मॉडेल जसंच्या तसं लावलं, तर नोंद लिहायचा अधिकारही त्याच्याकडे गेला. स्वतःच लिहा, स्वतःच मंजूर करा! मग दोन सह्या हव्यात कशाला?

लेखकांना ही अडचण दिसली होती. परस्परांपासून वेगळ्या ठेवायच्या दोन भूमिका वरिष्ठाकडे एकत्र आल्या, तर ते काही ठिकाणी चालेल, काही ठिकाणी नाही, एवढं सांगून ते पुढे जातात. २००४ च्या अमेरिकन मानकानं मात्र ठाम उत्तर दिलं: बंधन तपासताना वारशानं आलेल्या भूमिकाही मोजा. ही सुधारणा चांगलीच आहे.

माझा आक्षेप त्यापुढचा आहे. समजा, तलाठ्यानं नोंद लिहिली आणि ती प्रलंबित असतानाच त्याला त्याच मंडळात बढती मिळाली. आता त्याच्याकडे भूमिका एकच. मानकातली स्थिर बंधनं आजची नेमणूक बघतात, गतिक बंधनं चालू सत्र बघतात. दोन्हींत तो पास होतो आणि स्वतःचीच नोंद प्रमाणित करतो. मॉडेलचा एकही नियम मोडत नाही.

या नोंदीवर आधी कोणी काय केलं, ते बघूनच परवानगी द्यावी, हा विचार सायमन आणि झुर्को यांच्या १९९७ च्या लेखात आहे. त्यासाठी प्रत्येक नोंदीचा इतिहास जपावा आणि दरवेळी तपासावा लागतो, म्हणजे काम वाढतं. तरी २००४ च्या मानकानं ही तपासणी बाहेर ठेवली, ते मला पटत नाही. ज्याच्या जमिनीची नोंद आहे, त्या शेतकऱ्याचा भरवसा दोन वेगळ्या माणसांनी कागद बघण्यावर असतो. आरबॅक फक्त पदं मोजतं.