रक्ताचं ‘ऑक्सिडीकरण’ होत नाही!

मराठीतल्या विज्ञानलेखांत एक वाक्य अधूनमधून भेटतं : ‘फुप्फुसांत रक्ताचे ऑक्सिडीकरण होते.’ वाचायला ठीक वाटतं, पण ते चूक आहे. तिथे होतं ते ऑक्सिजनीकरण.

घोळ कुठून येतो बघा. शाळेत आपण ‘ऑक्सिजनशी संयोग म्हणजे ऑक्सिडीकरण’ अशी व्याख्या पाठ करतो. मॅग्नेशियमची फीत जाळताना ती चालते. पुढच्या इयत्तांत मात्र व्याख्या रुंदावते : इलेक्ट्रॉन गमावणे म्हणजे ऑक्सिडीकरण. म्हणून सोडियम क्लोरीनमध्ये जळतो, तेव्हा ऑक्सिजन नसूनही सोडियमचं ऑक्सिडीकरणच होतं.

आता रक्त घ्या. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत लोहाचे ४ अणू असतात. प्रत्येकावर ऑक्सिजनचा एक रेणू बसतो आणि ऊतींपाशी सुटतो. तो सुटल्यावर लोह पुन्हा फेरस रूपातच असतं, पुढच्या खेपेला तयार! हे ऑक्सिजनीकरण. पण लोह फेरिक होऊन बसलं, म्हणजे त्याचं खरोखर ऑक्सिडीकरण झालं, तर मेटहिमोग्लोबिन बनतं आणि त्या लोहाला ऑक्सिजन धरताच येत नाही. नायट्रेट जास्त असलेल्या विहिरीच्या पाण्यात दूध कालवून पाजलं, तर तान्ही बाळं निळी पडू शकतात, ती यामुळेच.

म्हणजे एका क्रियेवर श्वास चालतो, दुसरीने तो अडतो. तेव्हा प्रबंधात यांतला कुठलाही शब्द लिहिण्याआधी स्वतःला विचारा : इथे ऑक्सिजन नुसता मिसळला किंवा बसला, की इलेक्ट्रॉन गेला? उत्तर मिळालं, की शब्द आपोआप ठरतो.